उताराची माती, पाण्याची वाट आणि आपला पट्टा

(कुरुंदा इथल्या उन्हाळी शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेलं भाषण. मे २०२५. बोललं तसंच लिहून काढलं आहे. गावोगावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावं.)



काल दिवसभर आपण दाव्याच्या कागदांवर बोललो. आज कागद बाजूला ठेवू आणि पायाखालच्या मातीवर बोलू. कारण पट्टा हातात आला, नकाशा आला, आणि दहा-पंधरा पावसाळ्यांत वावरातली माती ओढ्याला गेली, तर आपण भांडून मिळवलं काय? नुसता मुरूम.

आपल्याला वनजमीन कुठं मिळाली ते आठवा. औंढा, कळमनुरी, वसमत, पलीकडं किनवट-माहूर. सपाट काळ्या रानात कुणाला पट्टा मिळाला? कुणालाच नाही. आपल्या वाट्याला आला तो माळ, डोंगराची कूस, बरड, जिथं औताचा फाळ दगडाला लागून ठिणगी उडते. म्हणजे उतार हा आपल्या जमिनीचा स्वभावच आहे.

आता हिशोब करा. एका एकरातली एक सेंटिमीटर माती, म्हणजे बोटाच्या अर्ध्या पेराएवढा थर, वाहून गेला तर किती गेली? १४ ब्रास. १४ ब्रास गाळ कुणी विकत आणून टाकून बघा, खिशाला काय लागतं ते. पावसाळ्यात ही माती रोज थोडी थोडी जाते म्हणून चोरी दिसत नाही.

आणि कधी कधी थोडी थोडी जात नाही. सगळा डोंगरच एकदम खाली येतो.

माळीण, तळीये, इर्शाळवाडी

३० जुलै २०१४ ची सकाळ. पुणे जिल्हा, आंबेगाव तालुका, माळीण. महादेव कोळी आदिवासींचं गाव. वरचा डोंगर सुटला आणि गाव गाडलं गेलं. १५१ माणसं गेली.

२२ जुलै २०२१. रायगड जिल्हा, महाड तालुका, तळीये. ऐंशीहून जास्त माणसं दरडीखाली गेली.

१९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीत ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला. वाडीला गाडीचा रस्ता नव्हता, मशीन वर जाईना, माणसांनी हातानं माती उकरली. आणि दरडीचा धोका असलेल्या गावांची सरकारी यादी होती ना, तिच्यात ह्या वाडीचं नावच नव्हतं.

ही नावं मी भीती घालायला घेत नाही. आपला भाग सह्याद्रीसारखा नाही. तिकडं घाटमाथ्यावर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस, इथं साधारण आठ-नऊशे. आपल्याकडं गावंच्या गावं गाडली जाण्याचा धोका तसा कमी. पण नेम कुणी धरावा? ह्याच कुरुंद्यात २०२२ च्या जुलैत एका रात्रीत घराघरांत पाणी शिरलं, ते इथं बसलेल्यांनी बघितलंय. वर्षाचा पाऊस तेवढाच, पण तो आता चार-सहा तासांत कोसळतो. उतारावरच्या मातीला हळूहळू पडणारा आठशे सोसतो, एका रात्रीत पडणारा दोनशे सोसत नाही.

दुसरी गोष्ट नीट ऐका. माळीणनंतर कारणं शोधली गेली तेव्हा कुणी अतिवृष्टीवर बोट ठेवलं, कुणी पाण्याच्या बुजलेल्या वाटांवर, कुणी मशीन लावून केलेल्या सपाटीकरणावर. त्यात ‘पडकई’चंही नाव घेतलं गेलं. पडकई म्हणजे त्या भागातल्या आदिवासींची जुनी रीत: सगळ्यांनी मिळून, एकमेकांच्या वावरात राबून, हातानं दगडी ताली घालायच्या आणि भाताची खाचरं काढायची. पुढं त्याच नावाची सरकारी योजना आली. हातानं घातलेली ताल वेगळी आणि मशीननं फाडलेला डोंगर वेगळा. पण बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखंच दिसतं, आणि मग तो सरळ म्हणतो, ‘आदिवासींनी डोंगर उकरला म्हणून डोंगर पडला.’

हे वाक्य उद्या आपल्यावर येणार आहे. ‘तुम्ही उतारावर नांगरता, धूप होते, जंगल सोडा.’ त्याला उत्तर घोषणेनं देता येणार नाही. उत्तर द्यायचं तर आपल्या वावराचा बांध दाखवून द्यावं लागेल. म्हणून हा विषय आज घेतला.

उतार का सुटतो

सूप घ्या. त्यात ज्वारी ठेवा आणि सूप हळूहळू तिरकं करा. काही वेळ ज्वारी जागची हलत नाही. एका ठरावीक तिरकेपणाला ती एकदम घसरते. दाण्याला दाणा घासतो, त्या घासण्यावर ती टिकून असते. माती, मुरूम ह्यांचंही असंच आहे. प्रत्येकाचा आपला एक उतार असतो, त्याहून उभा केला की तो घसरतोच. पक्का मुरूम एकास एक उभा राहील. काळ्या मातीचा भराव घातला तर एक हात उंचीला दोन हात पसारा द्यावा लागतो. काळा पाषाण जवळजवळ उभा राहतो. मशीनवाला मात्र सगळ्यांना एकच न्याय लावतो, सरळ उभा काप.

आता त्यात पाणी घाला. पाणी तीन कामं करतं. एक, मातीचं वजन वाढवतं. दोन, कणाकणांत शिरून त्यांना एकमेकांपासून उचलतं, घासणं कमी करतं. तीन, वाट मिळाली नाही तर मागून ढकलतं. ह्यातलं तिसरं सगळ्यात वाईट.

आपल्या डोंगराचे थर बघा. टोकाईच्या बाजूला किंवा कुठल्याही रस्त्याच्या कापात दिसेल. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा दगड. काही ठिकाणी दोन दगडी थरांच्या मधे तांबडा गेरूसारखा पट्टा असतो. वरून मुरलेलं पाणी मुरमातून खाली जातं, पण कडक दगडावर किंवा त्या तांबड्या चिकण थरावर अडतं आणि आडवं वाहायला लागतं. पावसाळ्यात डोंगराच्या अंगातून जो उमाळा फुटतो तो तिथंच. वरची ओली माती त्या निसरड्या थरावर बसलेली असते. खालचा पाय कुणी कापला, रस्त्यासाठी किंवा घराच्या जोत्यासाठी, की वरचं ओझं खाली यायला मोकळं.

म्हणून कापताना पहिला नियम असा: उताराचा पाय कापायचा नाही आणि उताराच्या डोक्यावर ओझं टाकायचं नाही. रस्ता करणारे उलटं करतात. पाय कापतात, निघालेला मुरूम खालच्या अंगाला लोटून देतात. मग वरचा भाग बिनपायाचा आणि खालचा भाग ढिल्या मुरमाचा, दोन्ही धोक्यात.

भिंत किती ओझं धरते

आता संरक्षक भिंत, ज्याला साहेब लोक रिटेनिंग वॉल म्हणतात. आपण तिला ताल म्हणतो, पौळ म्हणतो. काम एकच, मागची माती धरायची.

थोडं गणित करू, घाबरू नका. एक मीटर उंच, म्हणजे सव्वातीन फूट भिंत. मागं कोरडा मुरूम. भिंतीच्या दर मीटर लांबीला तो साधारण ३०० किलोच्या जोरानं ढकलतो. भिंत दोन मीटर केली तर? ६०० नाही, १२०० किलो. तीन मीटर केली तर २७०० किलो. उंची दुप्पट, जोर चौपट. उंची तिप्पट, जोर नऊपट. म्हणून ‘अजून दोन थर चढवा, काय होतंय’ असं म्हणणारा मिस्त्री आपल्याला धोक्यात घालतो.

आता दोन मीटरचीच भिंत घेऊ. तळाला १ मीटर २० सेंटिमीटर रुंद, माथ्याला ६० सेंटिमीटर, दगडाची. तिचं वजन दर मीटरला साधारण ३६०० किलो. ती जमिनीला घासून जागेवर बसते ती वजनाच्या निम्म्या जोरानं, म्हणजे १८०० किलो. मागून येतात १२००. भिंत जिंकली. दीडपट ताकद हाताशी आहे.

आता मागं पाणी तुंबवा. भिंतीच्या माथ्यापर्यंत माती पाण्यानं भरली आणि पाण्याला बाहेर यायला वाट नाही. तीच भिंत, तीच माती. आता मागून येणारा जोर होतो २६०० किलोच्या वर. भिंतीकडं आहेत १८००. भिंत पुढं सरकली.

म्हणून पक्कं लक्षात ठेवा. भिंत मातीनं पडत नाही, पाण्यानं पडते. सिमेंट कमी पडलं म्हणून पडलेल्या भिंतींपेक्षा पाण्याला वाट न ठेवल्यानं पडलेल्या भिंती जास्त असतात.

इथंच आपल्या आजा-पणजांची बिनसिमेंटची पौळ शहाणी ठरते. तिच्या सांध्यासांध्यातून पाणी पाझरतं, मागं तुंबत नाही. म्हणून आजाची पौळ साठ वर्षं उभी दिसते आणि शेजारची सिमेंटची भिंत तीन पावसाळ्यांत पोट काढते.

ताल घालायची रीत

मघाशी एका मावशीनं विचारलं, ‘आमच्याकडं इंजिनिअर कुठून आणायचा?’ मावशी, सव्वा मीटरपर्यंतची, म्हणजे छातीएवढी ताल आपण स्वतः घालू शकतो. त्याहून उंच लागत असेल तर एका भिंतीऐवजी दोन पायऱ्या करा, मधे चांगली रुंद जागा सोडा. दुसरी पायरी पहिलीच्या डोक्यावर बसता कामा नये. घराच्या किंवा शाळेच्या मागं उंच भिंत लागत असेल तर मात्र इंजिनिअर मागायचाच. तो आपला हक्क आहे, उपकार नाही.

रीत अशी. आधी समपातळीची रेघ काढा. त्याला ए-फ्रेम चालते, नाहीतर पारदर्शक नळीत पाणी भरून केलेली पाणसळ. नजरेनं रेघ काढू नका, नजर उतारावर फसवते.

पाया पक्क्या मुरमापर्यंत खणा, निदान फूट-दीड फूट. मातीवर भिंत बसवायची नाही. पायाचा तळ डोंगराच्या अंगाला थोडा झुकता ठेवा, म्हणजे भिंत पुढं सरकायची म्हटली तर तिला चढ लागेल.

तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून जास्त हवी, दोन तृतीयांश असेल तर उत्तम. सगळ्यात मोठे दगड तळाला. दर्शनी बाजू सरळ उभी नको, वर जाताना डोंगराकडं कललेली हवी.

दगडावर दगड लावताना सांधेमोड करा. एका उभ्या रेषेत दोन सांधे आले की भिंत तिथंच चिरते. दर दोन-तीन हातांवर एक लांब दगड आडवा, पुढून मागपर्यंत आरपार जाणारा घाला. तो पुढचा आणि मागचा थर बांधून ठेवतो. गोल गोटे टाळा, फोडलेला दगड घ्या. फटी कपच्यांनी ठोकून भरा.

भिंतीच्या मागं फूटभर रुंदीची दगड-कपच्यांची गाळणी उभी भरत या, मग त्यामागं मुरूम. भिंतीला चिकटून काळी माती भरायची नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्या भेगेत हात शिरतो. दर वर्षी ती भिंतीला धक्का मारते. काळी माती वर, पिकाला. भिंतीमागं मुरूम आणि दगड.

माथ्यावर गोठा, कडब्याची गंज, दगडाचा ढीग नको. तेही ओझंच आहे.

आणि झाडं. बांधावर हराळी, पवन्या, घायपात, निरगुडी लावा. त्यांची मुळं माती शिवून ठेवतात. भिंतीच्या दगडांतच वड-पिंपळ उगवला तर लहान असतानाच काढा, मोठा झाल्यावर तो दगड उचकटतो. तो वड ओढ्याच्या काठाला न्या, तिथं त्याचं काम आहे.

ओढ्याला घळ पडत असेल तिथं सुरुवात वरून करा. वरच्या अंगाला अनगड दगडी बांध, लहान लहान, एकाच्या डोक्याची पातळी वरच्याच्या पायाला लागेल अशा अंतरानं. खाली पाण्याचा जोर जास्त असेल तिथं जाळीत दगड भरलेला गॅबियन. जाळीतला दगडही पाणी सोडतो, माती धरतो. नुसता खाली एक मोठा बंधारा बांधून वरचा उतार उघडा ठेवला तर तो दोन पावसाळ्यांत गाळानं भरणार.

घराच्या माथ्यावर पाणी अडवू नका

आता जरा कान टवकारून ऐका, कारण हे आपण नेहमी म्हणतो त्याच्या उलटं आहे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे भिंतींवर लिहिलेलं आहे. वावरात ते बरोबर. माळावर सलग समतल चर खणा, पाणी मुरवा, खालच्या विहिरीला येईल. पण ज्या उभ्या उताराच्या खाली आपली वस्ती आहे, त्या उताराच्या डोक्यावर पाणी जिरवायचं नाही. तिथं जिरवलेलं पाणी मुरमात शिरून त्या निसरड्या थरावर जाऊन बसतं आणि डोंगराचं वजन वाढवतं.

घराच्या वर पाहिजे तो चर वेगळा. तो समपातळीत नाही, किंचित उतार दिलेला, शंभर फुटाला फूटभर. पाणी थांबत नाही, वस्तीला वळसा घालून बाजूच्या ओढ्यात जातं. वळवून नेलेलं पाणी जिथं पडतं तिथं दगड अंथरा, नाहीतर तिथं नवी घळ पडेल. आणि तो चर दर वर्षी मृगाआधी उपसायचा. बुजलेला चर हा नसलेल्या चराहून वाईट, कारण पाणी त्यात साचतं आणि जिरतं.

माळीणच्या लोकांचं पुनर्वसन आमडे इथं झालं, नवं गाव २ एप्रिल २०१७ ला त्यांच्या हवाली केलं. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात नव्या गावातले रस्ते आणि भराव खचले. ज्यांनी आपली माणसं दरडीखाली गमावली त्यांच्या दारात पुन्हा जमीन हलली. घरं पक्की होती. पण उतार कापून सपाटी केली, भराव टाकला, तर त्याला बसायला वेळ लागतो, थराथरानं दाबून घ्यावा लागतो, पाण्याची वाट आधी काढावी लागते. पुनर्वसनाचं गाव म्हणून उतारावर घरं देत असतील तर उद्घाटनाची तारीख विचारू नका. विचारा, ‘ह्या भरावानं एक पावसाळा काढलाय का? पाणी कुठून जाणार?’

सरकारी कामाची भिंत कशी तपासायची

वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नं रस्ता, शाळा, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, लहान तलाव अशा १३ कामांना वनजमीन देता येते. अट अशी, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. ह्या शिफारशीतच आपली ताकद आहे. रस्त्याला हो म्हणताना ठरावात लिहा: डोंगराच्या बाजूला गटार, कापलेल्या ठिकाणी संरक्षक भिंत, जिथं पाणी रस्ता ओलांडतं तिथं मोरी, आणि निघालेला मुरूम खालच्या उतारावर ढकलायचा नाही. अंदाजपत्रकात हे नसेल तर शिफारस नाही.

काम चालू असताना भिंत बघायची वेळ एकच, मागं भराव टाकायच्या आधी. भराव पडला की आतलं कुणालाच दिसत नाही. सिमेंटच्या भिंतीत पाणी निघायला पाइप लागतात, दीड-दोन मीटरला एक, आणि प्रत्येक पाइपच्या मागं दगडाची गाळणी. पुढून पाइप दिसतो आणि मागं तो मातीत बुजलेला असतो, अशा भिंती मी रस्त्याच्या कामांवर पाहिल्यात. नुसता दाखवायला खोचलेला पाइप. ओळखायचं कसं? मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी जा. मागची माती चिंब आणि एकाही पाइपातून थेंब नाही, तर पाइप बुजलेले आहेत. फोटो काढा, तारीख लिहा, ग्रामसेवकाकडं लेखी द्या आणि पोच घ्या.

माहिती अधिकार कायदा २००५ नुसता कागद मागण्यापुरता नाही. त्यात कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क आहे. अंदाजपत्रक मागा, मोजमाप पुस्तक मागा, आणि टेप घेऊन भिंतीपाशी जा. पुस्तकात तळ सव्वा मीटर आणि जागेवर पाऊण मीटर निघाला, तर त्याला भाषण लागत नाही.

बांध हाच पुरावा

आता कालच्या विषयाला जोड देतो. आपले कितीतरी दावे ‘पुरावा नाही’ म्हणून नामंजूर झाले. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं नामंजूर दावेदारांना हटवायचा आदेश दिला, देशभर लोक रस्त्यावर आले, आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. तलवार अजून टांगलेलीच आहे.

वनहक्क नियमांतला नियम १३ वाचा. पुरावा म्हणून काय चालतं ह्याची यादी आहे. त्यात घर-झोपडी आहे, आणि जमिनीत केलेल्या कायमच्या सुधारणा आहेत: सपाटीकरण, बांध, बंधारे. स्वच्छ लिहिलंय. म्हणजे तुमच्या आज्यानं घातलेली ताल कायद्यानं पुरावा आहे. विहीर, स्मशान, देवस्थान हेही आहे. जाणत्या माणसाचा लेखी जबाब आहे. ह्यातले एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. आणि उपग्रहाचा फोटो हा इतर पुराव्यांना जोड म्हणून आहे, त्यांच्या जागी नाही, हेही नियमातच आहे. ‘फोटोत दिसत नाही’ एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही.

पण बांध जुना आहे हे दाखवायचं कसं? कायद्याला १३ डिसेंबर २००५ आधीचा ताबा लागतो. काल घातलेली ताल त्याला उपयोगी नाही, आणि तसा दावा कुणी करूही नये, एका खोट्यापायी दहा खरे दावे बुडतात. जुन्या बांधाच्या खुणा असतात. बांधाच्या मागं किती माती साठलीय, एक वीत की दोन हात? दगडांवर शेवाळ आणि पांढरे डाग किती चढलेत? बांधातच उगवलेल्या झाडाचा घेर किती? वरच्या आणि खालच्या वावराच्या पातळीत किती फरक पडलाय? वनहक्क समिती जागेवर पडताळणीला जाते तेव्हा हे सगळं मोजून पंचनाम्यात लिहायला लावा. ‘बांध आहे’ एवढंच नको. ‘४० मीटर लांब, सव्वा मीटर उंच, मागं ७० सेंटिमीटर माती, बांधात पळसाचं झाड, घेर अमुक’, असं. वनखात्याला पडताळणीची सूचना द्यायची असते, ती दिल्याचा कागद ठेवा. दावा नामंजूर झाला तर कारण लेखी घ्या आणि ६० दिवसांत अपील करा. चौकशी पुरी होईपर्यंत कलम ४(५) प्रमाणे कुणाला उठवता येत नाही.

ज्यांना पट्टा मिळालाय त्यांच्यासाठी नियम १६ आहे. जमीन सुधारणा, उत्पादकता, मूलभूत सोयी ह्यांच्या सरकारी योजना पट्टेधारकांपर्यंत पोचवायची जबाबदारी शासनाची आहे. रोजगार हमीत बांधबंदिस्ती, दगडी बांध, सपाटीकरण ही कामं बसतात. वनपट्टा मिळालेल्या आणि दुसरी खासगी जमीन नसलेल्या आदिवासी कुटुंबाला २०२५ मध्ये वर्षाला १५० दिवसांचं काम मागता येत होतं. आपल्याच वावरात आपलीच ताल घालायची, मजुरी सरकारनं द्यायची. मशीन नको, हात पाहिजेत. हीच तर पडकईची रीत.

आणि धोक्याच्या उताराखालची वस्ती हलवायची वेळ आली, तर आपली भूमिका सरळ ठेवू. जिवाशी हट्ट करायचा नाही, घर सुरक्षित जागी न्यायचं. पण घर हललं म्हणून वावराचा, जंगलाचा हक्क सोडला असं कुठल्याही कागदावर लिहून द्यायचं नाही. अंगठा लावायच्या आधी कागद ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचा.

जमीन हलते तेव्हा

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे. पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. जुलैच्या धक्क्याचं केंद्र कळमनुरी तालुक्यात रामेश्वर तांड्याजवळ होतं. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला जे झालं ते विसरायचं नाही. तिथं गोल दगड आणि मातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. भिंतीचा पुढचा आणि मागचा थर फाकला आणि आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. म्हणून तो आरपार दगड तालीत जसा लागतो तसा घराच्या भिंतीतही लागतो. आणि धक्का बसला की उतारावरच्या ताली, कापलेले काठ जाऊन बघा. धक्क्यानं पडलेल्या भेगेत पुढचा पाऊस शिरतो.

मृगाआधी काय करायचं

प्रत्येक गावात पाच-सात जणांनी, त्यात बायका निम्म्या हव्यात, एक दिवस काढून वस्तीच्या वरचा उतार चालून बघायचा. पाणी कुठं निघतं, चर कुठं बुजला ते सरपण-मोहाला जाणाऱ्या बायांना आधी माहीत असतं. काय बघायचं?

१. उताराच्या माथ्यावर नवी कमानीसारखी भेग. असेल तर दोन्ही काठांना खुंट्या ठोका, अंतर मोजा, आठवड्यानं पुन्हा मोजा. वाढत असेल तर वाट बघू नका. तोवर वरचं पाणी भेगेत जाऊ देऊ नका, चिकण मातीनं बुजवा.

२. सरळ वाढलेली झाडं, विजेचे खांब, कुंपण खालच्या बाजूला कललंय का.

३. घराचं दार-खिडकी अचानक अडकायला लागलं का, जोत्याला तिरकी चीर गेली का.

४. नेहमीचा उमाळा अचानक आटला, किंवा नवीन ठिकाणी फुटला, किंवा स्वच्छ पाणी गढूळ झालं.

५. ताल पोट काढते का, पायथ्याची जमीन फुगते का.

ह्यातलं क्रमांक एक आणि चार पावसात एकत्र दिसलं तर रात्र होऊ द्यायची नाही. लेकरं, म्हातारी माणसं, जनावरं आधी हलवायची. कुठं हलवायची ती जागा आत्ताच ठरवा, ओढ्याच्या काठची नको आणि त्याच उताराखालची नको. हलगी कोण वाजवणार तेही ठरवा. इर्शाळवाडीला दरड रात्री आली, लोक घरात होते. यादीत नाव असण्यानसण्यानं डोंगर थांबत नाही.

आणि पुढच्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या. पहिला, वस्तीवरच्या उताराची पाहणी भूवैज्ञानिकाकडून करावी, अशी तहसीलदारांकडं लेखी मागणी. दुसरा, पट्टेधारकांच्या वावरातली दगडी बांधाची कामं रोजगार हमीच्या आराखड्यात. तिसरा, प्रलंबित दाव्यांतल्या जुन्या बांधांची मोजणी आणि नोंद, नकाशासकट. ठरावाची नक्कल आणि पोच गावात एक, तालुक्याच्या कार्यकर्त्याकडं एक.

दुपारी जेवण झाल्यावर आपण खालच्या ओढ्याच्या काठाला जाणार आहोत. दगड पडलेले आहेत, पहारा-टिकाव आणलेत, पाणसळ आहे. ज्यांना ताल घालता येते त्या जाणत्यांनी पुढं राहायचं आणि पोरांनी शिकायचं. संध्याकाळपर्यंत दहा मीटर ताल उभी करू. वही घेऊन नका येऊ, डोक्याला मुंडासं बांधून या.

जल, जंगल, जमीन आमची! जिंदाबाद!